व्हीगन फ्राइड राइस मोकळा होतच नाही, काय चुकतंय?

पालवी:
माझ्या मुलीने सहा महिन्यांपूर्वी व्हीगन व्हायचं ठरवलं, दूध तूप अंडी सगळं बंद, आणि फ्राइड राइस म्हणजे तिचा जीव की प्राण. आधी अंडं घालून करायचे तेव्हा बरा व्हायचा, आता दरवेळी गिच्च गोळा होतो आणि चव लागत नाही म्हणून मी सोया सॉस वाढवत जाते, मग खारट. घरात बीपीचंही बघावं लागतं, तेलही कमीच हवंय. भात करून पंख्याखाली गार करते तरी असं का? आणि नुसता भात भाज्या खाऊन तिला दोन तासांत परत भूक लागते, त्याचं काय करू?

मोकळी_शितं:
ताई, पंख्याखाली गार करून भागत नाही. शिजलेल्या तांदळातला स्टार्च परत घट्ट व्हायला फ्रीजमध्ये काही तास जावे लागतात, मग शितं कडक होतात आणि परतताना तुटत नाहीत. मी आदल्या रात्री करते, तांदूळ तीनचार पाण्यांनी धुऊन, पाणी नेहमीपेक्षा जरा कमी. शिजला की परातीत पसरायचा, वाफ गेली की झाकून तासाभराच्या आत फ्रीजमध्ये. रात्रभर ओट्यावर मात्र अजिबात ठेवू नका!! भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की जिवाणू वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. मी हे माहीत नसताना वर्षानुवर्षं भात बाहेर ठेवायचे, म्हणून कळकळीने सांगतेय. दुसऱ्या दिवशी संपवून टाका.

कढईवाला:
वरचं सगळं बरोबर, पण गोळा व्हायचं अजून एक कारण म्हणजे कढईत गर्दी. सगळं एकदम टाकलं की कढईची उष्णता उतरते, भाज्यांना पाणी सुटतं आणि भात परतण्याऐवजी वाफवला जातो. दोन माणसांपुरताच घाणा घ्या, आच मोठी. गाजर फरसबी आधी, कोबी नंतर, पातीचा कांदा गॅस बंद करताना. मशरूम असतील तर ते वेगळे, त्यांचं पाणी आटून तांबूस होईपर्यंत परता, मग बघा सॉस किती कमी लागतो. दोघांच्या भाताला एक मोठा चमचा तेल पुरतं, आणि भाज्या भाताच्या बरोबरीने घ्या, पोट त्यानेच भरतं.

टोफूप्रेमी:
अंड्याच्या जागी घट्ट टोफू. फडक्यात गुंडाळून वर जड काहीतरी ठेवून पंधरावीस मिनिटं पाणी निथळू द्या, हाताने कुस्करा, चिमूटभर हळद घालून तांबूस होईपर्यंत परता आणि शेवटी थोडं पादेलोण. त्यात गंधक असतं म्हणून हुबेहूब अंड्याचा वास येतो, आमच्याकडे पाहुण्यांनाही कळलं नाही. 100 ग्रॅम घट्ट टोफूत साधारण 12-15 ग्रॅम प्रोटीन मिळतं, सोबत मूठभर मटार टाका, दोन तासांत भूक लागणार नाही.
मिठाचं म्हणाल तर साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 च्या आत राहा म्हणते. म्हणून मी माणशी एक छोटा चमचाच घेते, वेगळं मीठ नाही, टोफूतलं पादेलोणही मीठच आहे हे धरून चालते. वरून लिंबू आणि तिळाच्या तेलाचे दोनचार थेंब. आलं लसूण सढळ हाताने. आणि मुलीचं बी12 तपासून घ्या हो, वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, गोळी घ्यावी लागते.

पालवी:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! भात आत्ताच परातीत पसरलाय. बाटलीतला ऑयस्टर सॉस चालेल का, नावात ऑयस्टर आहे म्हणून शंका आली.

टोफूप्रेमी:
नाही चालणार, त्यात खरंच कालवांचा अर्क असतो. मशरूमपासून केलेला मिळतो तो घ्या, फक्त लेबल वाचून.