आवाज कोणाचा, तेही ऐकायला लावा

बाईने घरकाम करायचं आणि पुरुषाने सांगायचं, अशा साच्यातल्या जाहिरातींबद्दल तुम्ही म्हणता, "मुलांना असल्या जाहिराती दाखवूच नयेत". हे म्हणणं तळमळीचं आहे, पण मला पटत नाही. फोन हातात आहे, मुलं बघणारच. कसं बघायचं ते शिकवूया. आमच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांना आम्ही कपडे धुण्याच्या पावडरीची एक जाहिरात दोनदा दाखवतो, आधी आवाज बंद करून, मग पडदा झाकून. पहिल्यांदा धुणारी बाई दिसते. दुसऱ्यांदा कळतं की पावडर का चांगली, हे सांगणारा आवाज पुरुषाचा आहे. मुलं हे स्वतःच पकडतात! एकाने विचारलं, "मग आमच्याकडे बाबा का नाही धूत?" त्यावर अर्धा तास बोलणं चाललं.

बालभारतीचं २०१९ चं दुसरीचं पुस्तकही जरूर वापरा. त्यात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवलेत. शेजारी एखादं जुनं पुस्तक उघडून ठेवा.

आणि जाहिरात खटकली तर मुलांकडून तक्रार लिहून घ्या. जाहिरातींबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या संस्थेने जून २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यांचा आधार घेता येतो.