सासूबाईंची शुश्रूषा आणि न मिळणारा विसावा

प्रश्न (परभणी)
नमस्कार. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या असून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. दिवस मावळू लागला की त्या औषधाची रिकामी डबी आणि दोन पोलकी पदरात बांधून दाराशी येतात आणि "मला पाथरीला, माझ्या घरी जायचंय" म्हणत कडी काढू लागतात. दुपारी त्या झोपल्यावर मला तास-दीड तास मोकळा मिळतो, पण तो संपला की मी अधिकच थकलेली असते. भजनी मंडळही सुटले आहे. वेळ असूनही विसावा का मिळत नाही, आणि हे यजमानांना कसे पटवावे?

उत्तर (लातूर)
ताई, आपल्याला मिळतो तो रिकामा वेळ आहे, सुटी नव्हे. त्या झोपल्या तरी राखण चालूच असते आणि आपले कान कडीकडेच लागलेले असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रेंट मॉसबाख यांच्या मांडणीनुसार आवडीच्या गोष्टी कमी आणि येण्याजाण्यावर बंधने जास्त, अशी स्थिती जिथे एकत्र येते तिथे शुश्रूषा करणाऱ्याला सर्वाधिक त्रास होतो. त्यामुळे किती तास मिळाले यापेक्षा त्या तासांत जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे होती का, हे पाहावे. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला होता तेव्हा धाकटा भाऊ रविवारी येऊन बसे, पण "गोळी कुठली द्यायची?" म्हणून सारखे फोन करी, शेवटी गोळ्या, जेवण, अंथरूण बदलणे हे सारे कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आणि मी फोन घरीच ठेवून निघू लागलो. यजमानांना पटवण्यासाठी झारिट प्रश्नावली, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्यावरचा भार मोजणारी प्रश्नावली, उपयोगी पडेल. तीत २२ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ४ असे एकूण ८८ गुण असतात. आकडा दिसला की पुरुषमंडळींना लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (अंबाजोगाई)
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र बदली माणूस सायंकाळी बसवू नये. तिन्हीसांजेला वाढणारी ही अस्वस्थता या आजारात नेहमी दिसते आणि त्या वेळी अनोळखी चेहरा समोर आला तर ती आणखी चिघळते. अंधारून येण्याआधीच दिवे लावावेत, दुपारची झोप आटोपशीर ठेवावी, आणि "हेच तुमचे घर" असा वाद न घालता पाथरीच्या वाड्याची, शेतीची विचारपूस करावी. आपण स्वतः बाहेर पडावे ते सकाळी.

उत्तर (नांदेड)
मन फारच जड झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. ज्येष्ठांसंबंधी माहितीसाठी १४५६७ आहे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मंडळाचा सराव शनिवारी सकाळी असतो आणि सेलूच्या जाऊबाई त्या दिवशी यायला तयार आहेत. कागद आजच लिहून ठेवते. ती प्रश्नावली यजमानांनी भरायची की मी?

उत्तर (लातूर)
आपणच भरायची. त्यांना फक्त शेजारी बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगावे.