स्वेटर + रेनकोट (ग्रुप: वाड्यातली मंडळी)

माई आत्या: बंड्या, तुझं स्टेटस पाहिलं. शनिवारी होडी घेऊन समुद्रात निघालास म्हणे. अंगात हुडी आणि जीन्स! तुझ्या आईला अजून सांगितलं नाही मी.

बंड्याची आई: मी ग्रुपवरच आहे वन्सं.

बंड्या: आत्या, कयाक आहे ती. फोटो दुकानासमोरचा आहे, खरेदी चाललीय.

नानाकाका: सिएटलला शनिवारी १२ डिग्री. महाबळेश्वरला डिसेंबरात याहून थंडी असते. लोकरीचा स्वेटर, वर रेनकोट. विषय संपला.

विनूताई (व्हँकुव्हर): नानाकाका, हवेचं सोडा. प्युजेट साउंडचं, म्हणजे सिएटलजवळच्या खाडीचं, पाणी मार्चमध्येही ८-९ अंशांच्या आसपास असतं. उलटलो तर काय, हे धरून कपडे घालायचे. बंड्या, कॉटन अजिबात नको, भिजलं की ऊब शून्य.

नानाकाका: १२ डिग्री. स्वेटर + रेनकोट.

धनूकाका: नाना वेण्णा लेकवर गेले होते तेव्हा यांच्या हातात कणीस, वल्हं वहिनींच्या 😂

मंदाकाकू: आणि उतरताना कोण भिजलं तेही सांगा भावजी

नानाकाका: विषयाला धरून बोलावे.

विनूताई: रेनकोटात गळ्यातून पाणी शिरतं. ड्रायसूटला गळ्याशी, मनगटांशी घट्ट रबरी पट्ट्या असतात. पण तो फक्त कोरडं ठेवतो, उबेसाठी आत मेरिनो लोकर किंवा फ्लीस हवंच. वेटसूटमध्ये पाणी शिरतंच, ते आत अडकून अंगाने कोमट होतं, ऊब मुख्यतः त्याच्या फोमसारख्या रबराची, निओप्रीनची.

नानाकाका: म्हणजे लोकर. मी काय म्हणत होतो?

बंड्या: चांगला ड्रायसूट हजार डॉलरच्या वर जातो गं ताई. ३ मिमीचा बिनबाह्यांचा वेटसूट भाड्याने मिळतोय.

धनूकाका: हजार डॉलरवरून वाड्याच्या कौलांची वर्गणी आठवली. राग नसावा.

माई आत्या: धनू, पोराच्या जिवाचा विषय चाललाय!

धनूकाका: पावसाळ्यात गळतं आमच्या डोक्यावर, माई. तुमचं ठाण्याला स्लॅबचं घर.

बंड्या: काका, महिनाअखेर पाठवतो, म्हटलं होतं ना 🙏

छोटी (एमबीबीएस): कौलं नंतर. गार पाण्यात पडल्या पडल्या श्वास आपोआप जोरात ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. मिनिटभरात श्वास सावरतो, पण पुढे जेमतेम दहा मिनिटं हातपाय ऐकतात. गारठून बेशुद्ध व्हायला तासभरही लागेल, पण लाइफजॅकेट नसेल तर माणूस त्याआधीच बुडतो. ते अंगात हवं, कयाकमध्ये ठेवलेलं नको.

नानाकाका: १२ डिग्रीला एवढं? स्वेटर + रेनकोट.

शमा: मीही जातेय. मैत्रिणीचा ड्रायसूट मिळालाय. दागिना अडकून गळ्याची रबरी पट्टी फाटू शकते, म्हणून मंगळसूत्र घरी ठेवणार. फोटो टाकल्यावर विचारू नका, म्हणून आधीच सांगते.

मंदाकाकू: आम्ही कशाला विचारू बाई. हल्ली काय, चालतंच.

बंड्याची आई: मंदा, तू पोहायच्या क्लासला कुठे ठेवतेस गं?

मंदाकाकू: हा मेसेज डिलीट केला आहे

विनूताई: बंड्या, बायकोला ड्रायसूट आणि तुला उघड्या हातांचा वेटसूट? तुलाही ड्रायसूटच बघ, नाहीतर हे पाणी तापेपर्यंत थांब. निओप्रीनचे बूट, टोपी, हातमोजे धर. आधी किनाऱ्याशी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बघा.

धनूकाका: एवढं सगळं चढवल्यावर लघुशंकेचं काय?

विनूताई: त्याला वेगळी चेन असते काका. ती लावायला लोक विसरतात आणि तिथूनच पाणी शिरतं.

नानाकाका: रेनकोटला ही भानगड नाही.