मदत हवी आहे : वयस्क उंदरिणीच्या बीजांतली गुणसूत्रं मोजताना

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष. आईचं वय वाढतं तसं स्त्रीबीजातली गुणसूत्रं धरून ठेवणारं कोहेसिन हे प्रथिन कमी होत जातं, तेच उंदरांत बघतेय. दोन महिन्यांच्या मादीची बीजं काचपट्टीवर छान पसरतात, क्रोमॅटिडच्या (गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींच्या) २० जोड्या सरळ मोजता येतात. पंधरा महिन्यांच्या मादीकडून मुळात बीजंच मोजकी, त्यात कुठे १९ जोड्या नि दोन सुटी क्रोमॅटिड, कुठे नुसत्या १९! ही फाटाफूट वयामुळे की माझ्या हातामुळे? (झोना, म्हणजे बीजाभोवतीचं आवरण, विरघळवताना आम्लात जरा जास्त राहिलं की बीज गेलंच.) त्यापेक्षा बीज अखंड ठेवून, मोनॅस्ट्रॉल (बीजातच गुणसूत्रं पसरवणारं रसायन) देऊन ४० कायनेटोकोअर (दर क्रोमॅटिडवर एक, ओढणारे धागे जिथे जोडले जातात ती जागा) मोजणं भरवशाचं का? कुणी केलंय? मोनॅस्ट्रॉलमध्ये किती वेळ ठेवता?