राउटर-स्विचच्या नोंदी टाइम-सिरीज डेटाबेसमध्ये साठवताना वेग उणे का दिसतो?

वायरींचा_गुंता (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी सेकंदाला २०० मेगाबिट वेगाची फायबर जोडणी आहे. सेवा देणाऱ्या कंपनीचा डबा केवळ ब्रिज (सिग्नल पुढे पोहोचवणारा दुवा) म्हणून चालतो. पीपीपीओई जोडणी (नाव-पासवर्ड देऊन कंपनीशी होणारी जोडणी) माझ्या ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) बसवलेल्या राउटरवर होते आणि त्याच्यामागे एसएनएमपीची (नेटवर्कवरून उपकरणाचे आकडे वाचण्याच्या पद्धतीची) सोय असलेला एक मॅनेज्ड स्विच आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडखळतात, आणि तक्रार नोंदवली की ‘आमच्या बाजूने लाइन व्यवस्थित आहे’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून आता महिन्याभराची आकडेवारी हाताशी ठेवूनच बोलायचे ठरवले आहे. राउटरच्या लूसी या व्यवस्थापन पानावरचे आलेख या कामी येत नाहीत, कारण वीज गेली की ते पुसले जातात.

सध्या रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) या चिमुकल्या संगणकावरची एक छोटी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी राउटर आणि स्विच या दोघांचे बाइटचे काउंटर वाचते, त्यातून मागचे वाचन वजा करते, आलेल्या फरकावरून वेग काढते आणि तो वेग इन्फ्लक्सडीबी या टाइम-सिरीज (वेळेनुसार नोंदी साठवणाऱ्या) डेटाबेसमध्ये लिहिते. आलेख मी ग्राफानावर पाहतो. अडचणी दोन आहेत. वीज जाऊन आली की राउटरच्या आलेखात शून्याच्या खाली खोल दरी पडते. आणि मोठी फाइल पूर्ण वेगाने उतरत असताना राउटरचा आलेख २०० च्या जवळ असतो, पण स्विचचा आलेख कधी ८५ च्या आसपास, तर कधी चक्क उणे २९ दाखवतो. स्विच बिघडला आहे असे समजावे काय? इन्फ्लक्सडीबी सोडून प्रोमिथियस या दुसऱ्या डेटाबेसकडे वळल्यास हे सुटेल काय?

मोजणीदार

स्विच ठणठणीत आहे. तुमच्याच आकड्यांवरून ते दिसते. आपली स्क्रिप्ट एसएनएमपीतला ‘इफ-इन-ऑक्टेट्स’ हा (पोर्टवर आलेले बाइट मोजणारा) काउंटर वाचत असणार. तो ३२ बिटी असल्यामुळे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत पोहोचला की पुढच्या बाइटला पुन्हा शून्यावर येतो. २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला अडीच कोटी बाइट, म्हणजे पाच मिनिटांत ७५० कोटी. तेवढ्या अवधीत काउंटर एकदा उलटला तर फरक साधारण ३२० कोटी दिसतो आणि त्याचा वेग होतो ८५ मेगाबिट. दोनदा उलटला तर नवे वाचन जुन्यापेक्षा सुमारे १०९ कोटींनी कमी भरते आणि वेग होतो उणे २९. पूर्ण वेगाने हा काउंटर तीन मिनिटांच्या आतच एक फेरा मारतो, तेव्हा पाच मिनिटांनी एकदा वाचून त्याचा माग लागणे शक्यच नाही. त्याऐवजी ‘इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स’ हा ६४ बिटी काउंटर वाचावा. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटी काउंटरची सोयच नाही, म्हणून स्विचवर आणि स्क्रिप्टमध्ये ‘व्ही२सी’ ही आवृत्ती निवडावी लागेल.

वीज गेल्यावर पडणारी दरी वेगळ्या कारणाने येते. राउटर नव्याने सुरू झाला की काउंटर शून्यापासून मोजू लागतो आणि वजाबाकी उणे येते. इथे माझे म्हणणे असे की डेटाबेसमध्ये वेग साठवूच नये. काउंटरचे मूळ वाचन जसेच्या तसे साठवावे आणि वेग आलेख काढताना काढावा. वेग साठवला की चुकीची वजाबाकी कायमची पक्की होते. मूळ वाचने असतील तर मागचा सगळा महिना हव्या त्या पद्धतीने पुन्हा मोजता येतो. इन्फ्लक्सडीबीत ‘नॉन-निगेटिव्ह-डेरिव्हेटिव्ह’ उणे फरक गाळते आणि प्रोमिथियसचे ‘रेट’ वाचन घटलेले दिसले की काउंटर शून्यापासून सुरू झाला असे धरून हिशोब जुळवते. वीज गेल्याच्या बाबतीत हे गृहीतक बरोबर ठरते, ३२ बिटी काउंटर उलटल्याच्या बाबतीत चूक ठरते. म्हणून डेटाबेस कोणताही घेतला तरी ६४ बिटी काउंटर हवाच.

प्रोमिथियसकडे वळावे असे मला वाटते, पण त्याचे कारण निराळे आहे. इन्फ्लक्सडीबीच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत प्रश्न विचारण्याची मुख्य भाषा बदलत गेली, त्यामुळे जुने डॅशबोर्ड अनेकदा नव्याने लिहावे लागतात. ओपनडब्ल्यूआरटीवर ‘प्रोमिथियस-नोड-एक्स्पोर्टर-लुआ’ हे पॅकेज बसवले की राउटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर आकडे मांडतो. ते सुरुवातीला फक्त लूपबॅकवर (म्हणजे राउटरच्या स्वतःपुरते) ऐकते, तेवढे बदलून ‘लॅन’ (घरचे नेटवर्क) करावे, आणि फायरवॉलमधून हे पोर्ट बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये.

एमआरटीजीच्या_काळातला

मोजणीदारांचा हिशोब बिनचूक आहे, पण घरातल्या दोन उपकरणांसाठी एवढा पसारा कशाला? लूसीच्या आलेखांमागे कलेक्टडी (आकडे गोळा करणारा) आणि आरआरडीटूल (ते साठवणारे) असतात. आरआरडीच्या फाइलचा आकार कधी वाढत नाही, जुन्या नोंदींच्या सरासऱ्या होत जातात. वीज गेल्यावर त्या पुसल्या जातात, कारण राउटरची फ्लॅश झिजू नये म्हणून त्या रॅममध्ये ठेवलेल्या असतात. कलेक्टडीला नोंदी थेट पायकडे पाठवायला सांगितले की काम भागते. अर्थात सरासरीत संध्याकाळचा खोळंबा झाकला जातो, हा आक्षेप मला मान्य आहे.

मात्र प्रश्नकर्त्यांनी मूळ तक्रारीकडे लक्ष द्यावे. कॉल अडखळतो तो बाइट कमी गेल्यामुळे नव्हे, तर पॅकेट उशिरा पोहोचल्यामुळे किंवा हरवल्यामुळे. म्हणून दर दहा सेकंदांनी तीन ठिकाणी पिंग (पॅकेट पाठवून उत्तराला लागलेला वेळ मोजणे) करून ठेवावे: आपलाच राउटर, कंपनीच्या बाजूचा पहिला गेटवे आणि बाहेरचा १.१.१.१ सारखा पत्ता. पाय वायरने जोडलेला असेल तरच हे निदान खरे. तिन्हींचा विलंब वाढला तर दोष घरातच आहे. दुसऱ्या-तिसऱ्याचा वाढला आणि त्याच वेळी तुमचा अपलोड भरलेला असेल, समजा कुणाचा फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत असेल, तर तो रांगेतला विलंब आहे आणि राउटरवरच्या एसक्यूएममध्ये (पॅकेटची रांग आवरणाऱ्या सोयीत) ‘केक’ ही पद्धत सुरू केली की आटोक्यात येतो. अपलोड रिकामा असतानाही विलंब वाढला, तर मात्र कंपनीशी भांडायला बळ येते.

रात्रपाळी

एक मुद्दा राहिला. वीज गेली की पायही बंद पडतो, आणि बहुतेक पायमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नसते. वीज आल्यावर तो शेवटची माहीत असलेली वेळ धरून उठतो आणि एनटीपी (इंटरनेटवरून अचूक वेळ) मिळेपर्यंत मागच्या वेळेतच राहतो, एनटीपी मिळते इंटरनेट आल्यावर, आणि इंटरनेट येते राउटर उठून पीपीपीओई जोडल्यावर. मधल्या काळातल्या नोंदींवर जुनी वेळ पडते; प्रोमिथियस अशा मागे पडलेल्या नोंदी सहसा नाकारतो. म्हणून प्रोमिथियसची सेवा ‘टाइम-सिंक’ झाल्यानंतरच सुरू होईल अशी अट सिस्टमडीमध्ये (पायवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) घालावी. त्याहून बरे म्हणजे राउटर, कंपनीचा डबा आणि पाय हे तिन्ही एका लहान यूपीएसवर ठेवावेत.

वायरींचा_गुंता

सर्वांचे आभार. ‘व्ही२सी’ आणि ६४ बिटी काउंटर घेताच स्विचचा आलेख राउटरच्या आलेखाला जाऊन मिळाला. आता दोन शंका उरतात. वर्षभराच्या नोंदींना जागा किती लागेल? आणि घरातल्या प्रत्येक फोनचा वेगळा वापर मोजावा काय?

मोजणीदार

जागेची चिंता नको. समजा ३०० मालिका (एकेका आकड्याच्या नोंदींची साखळी) दर तीस सेकंदांनी वाचल्या, तर दिवसाला ८ लाख ६४ हजार नोंदी होतात. प्रोमिथियसला एका नोंदीसाठी सरासरी एक ते दोन बाइट लागतात, म्हणजे वर्षाकाठी एक गिगाबाइटसुद्धा भरत नाही. मात्र मूळ मांडणीत तो पंधरा दिवसांहून जुन्या नोंदी काढून टाकतो, तेव्हा ती मुदत आजच वाढवून ठेवावी, आणि नोंदी मेमरी कार्डाऐवजी एसएसडीवर लिहाव्यात.

प्रत्येक फोनचा हिशोब तुमच्या तक्रारीला लागणार नाही, आणि घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय तो ठेवूही नये. ठेवायचाच झाला तर राउटरवर फ्लो ऑफलोडिंग सुरू आहे का ते आधी पाहावे. ते सुरू असताना पॅकेट नेहमीच्या वाटेने जात नाहीत आणि फोननिहाय वापर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. महिन्याच्या एकूण वापरासाठी पीपीपीओईऐवजी प्रत्यक्ष वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टचा काउंटर घ्यावा. पीपीपीओईचा काउंटर जोडणी तुटून पुन्हा लागली की शून्यापासून सुरू होतो, वॅन पोर्टचा मात्र राउटर बंद पडेपर्यंत चालू राहतो. त्यात प्रत्येक पॅकेटमागे पीपीपीओईचे आठ बाइट जास्त भरतात, तेवढे गृहीत धरावे.