मेंदूच्या अतिशीत जतनावरील संशोधनासाठी वचननिधी : मदत हवी आहे

सर्वांना सादर नमस्कार.

नागपुरातील आम्ही काही मित्रमैत्रिणी मेंदूच्या अतिशीत जतनावरील (म्हणजे अत्यंत कमी तापमानाला थंड करून तो टिकवण्यावरील) संशोधनासाठी वचननिधी उभारू इच्छितो. म्हणजे देणगीदार आज केवळ रकमेचे लेखी वचन देतील आणि ठरलेला टप्पा स्वतंत्र परीक्षकांनी मान्य केल्यावरच पैसे भरतील. अमेरिकेतील ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशनचे बक्षीसही निकालानंतरच मिळाले : २०१६ साली सशाच्या आणि २०१८ साली डुकराच्या मेंदूसाठी. ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने रचना पक्की करून, बर्फ होऊ न देणारे एथिलीन ग्लायकॉल भिनवून उणे १३५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या त्या मेंदूंत चेतापेशींमधील जोडण्या शाबूत आढळल्या. मात्र या पद्धतीत पेशी जिवंत राहत नाहीत, म्हणून जिवंतपणा टिकवणारे संशोधन आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

आमची खरी अडचण वचनपत्राची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ नुसार मोबदल्याविना दिलेले वचन सहसा बंधनकारक नसते. परंतु हावडा टाउन हॉलच्या वर्गणीसंबंधी १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने, वर्गणीच्या भरवशावर बांधकामाचे कंत्राट दिले गेले असल्याने ती वसूल करता येते, असा निर्णय दिला होता. मग प्रयोगशाळेने आमच्या वचनांवर विसंबून खर्च सुरू केला, तर तोच न्याय लागू होईल का, आणि मसुद्यात तसा स्पष्ट उल्लेख कसा करावा? रक्कम परदेशी प्रयोगशाळेला जाणार असल्यास प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे पाठवावी, की आधी इथे सार्वजनिक न्यास नोंदवावा?

धर्मादाय आयुक्त कार्यालयातील कामाचा अनुभव असलेल्या वकिलांनी व सनदी लेखापालांनी कृपया मार्गदर्शन करावे. मसुदा वाचून देणारे कोणी नागपुरात असल्यास आम्ही सवडीनुसार भेटायला येऊ.