सहलीत असताना घरून आलेली बातमी: आजी-आजोबांच्या निधनाचे अनुभव

सुट्टीचा बेत आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाची प्रकृती यांचा मेळ घालणे बहुतेक कुटुंबांना कधी ना कधी भाग पडते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, त्यापूर्वी ते १२० दिवस आधी होत असे. पण ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या माणसाबद्दल ६० दिवसांचा अंदाज तरी कोण देणार? त्यामुळे "तुम्ही जा, मला काही होत नाही" असे आजोबा म्हणतात, आपण निघतो, आणि एखाद्या वेळी फोन येतोच.

या विषयावर आपले अनुभव आपल्या गावाच्या नावासह लिहावेत, अशी विनंती आहे. तिकिटांचे काय झाले हे सांगितलेत तरी हरकत नाही, मात्र मला विशेष कुतूहल आहे ते याचे, की बातमी प्रथम कोणाच्या कानावर आली, त्या व्यक्तीने ती इतरांना केव्हा सांगितली आणि परतायचे की नाही हे अखेर कोणी ठरवले. आमच्या घरी माझ्या आईची आई गेली तेव्हा आम्ही महाबळेश्वरला होतो. वडिलांना दुपारीच कळले होते, आईला त्यांनी रात्री जेवणानंतर सांगितले. तिला चार घास पोटात जाऊ द्यावेत हा त्यांचा हेतू होता आणि त्या काही तासांबद्दल आईने त्यांना कधीच माफ केले नाही. दोघांचेही म्हणणे मला पटते, म्हणून हा धागा.

पुणे

आजोबा गेले त्या दिवशी आम्ही लडाखमध्ये पँगाँग सरोवराकाठी मुक्कामाला होतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. आमच्यापैकी फक्त माझ्या काकूचे कार्ड पोस्टपेड होते आणि सरोवराकाठी तेही निकामी झाले होते. घरच्यांनी लेहच्या हॉटेलात फोन केला, हॉटेलच्या माणसाने आमच्या चालकाच्या ओळखीच्या दुसऱ्या चालकाला गाठले, आणि अशा रीतीने संध्याकाळी उशिरा तो निरोप आमच्या चालकापर्यंत आला. त्याने वडिलांना बाजूला नेऊन सांगितले. वडील थोरले चिरंजीव, त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न "कधी?" हा नव्हता, तर "विमान कधी मिळेल?" हा होता.

रात्री ‘चांग ला’ हा घाट ओलांडून लेहला जाणे चालकाने साफ नाकारले आणि त्याचे बरोबर होते. लेहहून विमाने बहुतांशी सकाळीच सुटतात, कारण दुपारनंतर तिथले वारे उड्डाणाला अनुकूल नसतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघून लेहला पोहोचायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळचे विमान धरायचे. हे स्पष्ट झाल्यावर पुण्यात आत्याने निर्णय घेतला. आजोबांचा देह इतका वेळ शीतगृहात ठेवायचा नाही, असे सांगून तिने वैकुंठ स्मशानभूमीत स्वतः अग्नी दिला. काही नातलगांची कुजबुज झाली, पण ती समोर येऊन बोलण्याइतकी नव्हती. ज्याने अग्नी दिला त्यानेच पुढचे दिवस करायचे असतात, वडील पोहोचल्यावर त्यांनी "आता मी करतो" असे म्हणून पाहिले, तर आत्या म्हणाली, "दादा, सुरू मी केले आहे, पूर्ण मीच करीन." ओंकारेश्वरावर दहाव्याला वडील तिच्या मागे उभे होते. या एका दृश्यामुळे आमच्या घरातील कितीतरी गोष्टी पुढे बदलल्या, त्यांविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.

रत्नागिरी

आमच्याकडे दफन लवकर करण्याचा दंडक आहे आणि शक्यतो त्याच दिवशी करतात, त्यामुळे "आमच्यासाठी थांबा" असे कोणी म्हणतच नाही. दादी पहाटे वारली तेव्हा आम्ही मुन्नारला होतो. अब्बांनी फोनवर एवढेच सांगितले की असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर जनाजा निघेल. आम्ही डोंगर उतरून कोचीला आलो तोपर्यंत मिट्टी होऊन गेली होती. कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरलो आणि घरी न जाता सामानासकट आधी कब्रस्तानात गेलो. तिकिटे, परतावा यांचा विचार कोणी केला असेल असे मला आठवत नाही. थांबायचे की नाही हा प्रश्नच नसल्यामुळे आमच्या घरात त्यावरून कोणी कोणाला दोष देत नाही, हे मला इथले इतर अनुभव वाचताना प्रथमच जाणवले.

अकोला

आमची गोष्ट थोडी उलटी आहे, कारण आजी आमच्या बरोबरच होती. काशी पाहायची तिची इच्छा, म्हणून आईवडील, मी, माझी दोन मुले आणि आजी असे सगळे वाराणसीला गेलो. दोन दिवस ती उत्साहाने फिरली, नावेत बसली, मुलांना गंगेची गोष्ट सांगितली. तिसऱ्या पहाटे धर्मशाळेतल्या खोलीत ती झोपेतच गेली.

भेटणारा प्रत्येक जण, घाटावरचा नावाडीसुद्धा, "काशीत मरण म्हणजे भाग्य" असे म्हणत होता. वडिलांना त्याचा आधार वाटला. अकोल्यातल्या माझ्या दोन्ही काकांना मात्र ते ऐकवत नव्हते, कारण त्यांना आई शेवटची पाहायला मिळणार नव्हती. आजीला घरी न्यायचे झाले तर काय लागते याची चौकशी मी केली. विमानाने देह न्यायचा तर डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, देह रसायनांनी सुरक्षित केल्याचे प्रमाणपत्र, पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि शवपेटी विधिवत बंद केल्याचा दाखला लागतो. तेवढे जमवून, पुढे नागपूरला उतरून रस्त्याने अकोल्याला जायचे. वडिलांनी भावांना फोन लावला आणि फोन मुद्दाम सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला. धाकटे काका बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिनेच जागा निवडली आहे, आपण कशाला हलवायची?" मणिकर्णिकेवर संस्कार झाले.

पुढचे सांगते ते कोणाला तरी उपयोगी पडावे म्हणून. मृत्यू जिथे घडतो तिथेच त्याची नोंद होते, माणूस मूळचा कुठलाही असो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसे आहे, आणि २१ दिवसांच्या आत नोंद केली तर विलंबशुल्क पडत नाही. धावत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी जिथे प्रथम थांबते तिथे कळवायचे असते. म्हणजे आजीचा दाखला वाराणसीचा. दुःखात घाटावरची पावती हरवते, तसे होऊ देऊ नका, तिचे छायाचित्र लगेच काढून ठेवा. आमच्या दाखल्यावर आडनावातल्या ळ च्या जागी ल आला. हिंदी लिहिणाऱ्या लिपिकाने सवयीने तसे लिहिले असणार, पण इकडे बँकेने तेवढ्यावरून आजीचे खाते अडवून धरले आणि दुरुस्तीसाठी वडिलांना पुन्हा वाराणसीला जावे लागले. त्या खेपेला दोन्ही काका बरोबर गेले. मला वाटते, त्यांना निमित्तच हवे होते.

लातूर

आमच्या आजोबांनी निघण्याआधीच बजावले होते: "मी गेलो तर सांची पूर्ण बघून या, अर्ध्यातून पळत येऊ नका." आम्ही हसण्यावारी नेले. बातमी आली तेव्हा आम्ही भोपाळमध्ये होतो आणि सांचीला जायचे राहिले होते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, शब्दाला जागणारे. ते म्हणाले की बाबांच्या शब्दाप्रमाणे सांची करायची. आईला ते अजिबात मान्य नव्हते, तिने एकटीने परतीची गाडी धरली. आम्ही दुसऱ्या दिवशी स्तूपासमोर त्रिशरण-पंचशील म्हटले आणि निघालो. जलदान विधीला सगळे एकत्र होतो. गावात "मुलगा फिरत राहिला" असे बोलले गेले आणि वडिलांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात उभे राहून आजोबांचे ते वाक्य सर्वांना ऐकवले. आई आजही म्हणते की आजोबा तसे म्हणाले ते आपला जीव अडकू नये म्हणून, आणि प्रेमाने बोललेली वाक्ये आज्ञा समजायची नसतात. मी आईच्या बाजूचा आहे.

गिरगाव, मूळ राजापूर तालुका

आमची मे महिन्याची सुट्टी म्हणजेच आजीचे घर, त्यामुळे मोडण्यासारखा प्रवास नव्हताच. अठरा-वीस नातवंडे पडवीत पसरलेली असताना ती सकाळी विहिरीवरून आली, ओटीवर टेकली आणि गेली. मी तेव्हा सहावीत होतो.

मोठ्यांचे दुःख मला आठवते, पण त्याहून स्पष्ट आठवतात ती कामे. वाडीतली माणसे कोणी न बोलावता जमली. लाकडांसाठी मागच्या परड्यातला एक जुना रायवळ आंबा तोडायचे ठरले. त्याला त्या वर्षी भरपूर फळ होते. तोडण्याआधी आम्हा मुलांना टोपल्या देऊन कैऱ्या उतरवायला सांगितले गेले. आजी आत आहे आणि आपण तिच्या झाडाच्या कैऱ्या वेचतो आहोत, हे कोणालाच विचित्र वाटले नाही. उन्हात घातलेली आंब्याची साठे कोणी आत घ्यायची यावरून दोन काकूंमध्ये हलकेच वाद झाला. देवपूजेला शेजारच्या घरचे भटजीकाका येऊ लागले, आम्हाला कोणाच्या घरी जायला बंदी झाली, आणि मग ते सुतकाचे दिवस आम्ही पत्ते खेळून काढले. लिहायला संकोच वाटतो, पण सर्व चुलतभावंडे इतके दिवस एकमेकांच्या सहवासात पुन्हा कधीही राहिली नाहीत. तेराव्यानंतर एसटीने सगळे पांगले आणि पुढच्या मे महिन्यात घर उघडायला कोणीच गेले नाही.

न्यू जर्सी

यलोस्टोनला गेलो असताना सांगलीत आजी वारली. सांगलीहून वेळेचा फरक तिथे उन्हाळ्यात साडेअकरा तासांचा असतो, आणि त्या अरण्यात बहुतेक ठिकाणी मोबाईलला संपर्क नसतो. सायंकाळी एका उपाहारगृहापाशी फोन जिवंत झाला आणि चुलत बहिणीने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर ठेवलेले आजीचे छायाचित्र, हार आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" हे मी सर्वांत आधी पाहिले. आईचे न उचललेले सात फोन त्याच्या खाली होते. बहिणीवर मी रागावले नाही, तिला वाटले आम्हाला कळवले गेले असेल.

परतायचे तर मुलांचे अमेरिकी पारपत्र आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) दोन्ही हवीत, आणि ती अर्थातच घरी कपाटात होती. मला कार्यालयातून अशा प्रसंगाची रजा मिळाली नाही. अमेरिकेत खासगी नोकरदारांना ती देण्याची सक्ती करणारा देशव्यापी कायदा नाही, आणि आमच्या कंपनीच्या नियमात आईवडील होते, आजी नव्हती. सहलीच्या विम्यातही "जवळचे कुटुंबीय" या व्याख्येत आजी-आजोबा बसत नव्हते. ज्या बाईने मला पाचव्या वर्षापर्यंत वाढवले ती कोणत्याच कागदावर माझी जवळची नव्हती. विमा घेताना ही व्याख्या अवश्य वाचा. मी एकटी बाराव्याला पोहोचले.

ठाणे

मी गेली अनेक वर्षे सहलींबरोबर व्यवस्थापक म्हणून जातो, त्यामुळे धाग्याच्या मूळ प्रश्नावर थोडे लिहितो. घरचे लोक आधी मला फोन करतात. "तिला एकदम सांगू नका, तब्येत बरी नाही एवढेच म्हणा आणि गाडीत बसवून द्या," ही विनंती जवळजवळ ठरलेली असते. पूर्वी मी ती पाळत असे. शिमल्याला एका बाईंना असेच "तब्येत बरी नाही" म्हणून निरोप दिला आणि कालकाला पोहोचेपर्यंत त्या वडिलांसाठी मोठ्या रुग्णालयाची चौकशी करत राहिल्या, सगळ्या ओळखीच्यांना फोन करत राहिल्या. पलीकडचा प्रत्येक जण खोटे बोलत होता. तेव्हापासून मी घरच्यांना स्पष्ट सांगतो की मी खरे सांगणार, कसे सांगायचे तेवढे तुम्ही सुचवा. शिवाय आता लपवणे शक्यही नाही. वरच्या ताईंनी लिहिले आहे तसे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर छायाचित्र माझ्या आधी पोहोचते.

मी आधी सोबतच्या जवळच्या माणसाला सांगतो, खोलीत बसूनच सांगतो, बसमध्ये कधीही नाही. जेवणाआधी की नंतर, यावर माझा नियम नाही. परतीची व्यवस्था मात्र सांगण्यापूर्वीच पाहून ठेवतो, कारण दुसऱ्या वाक्याला तोच प्रश्न येतो. लहान मुले असतील तर त्यांना तिथेच बसू देतो. त्यांना बाहेर खेळायला पाठवले की ती दाराला कान लावतात आणि अर्धवट ऐकून अधिक घाबरतात. उरलेल्या सहप्रवाशांना दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सांगतो आणि त्या दिवशी बसमध्ये अंताक्षरी होत नाही, हे कोणी ठरवावे लागत नाही.

नावनोंदणीच्या अर्जावर मी एक रकाना वाढवून घेतला आहे: घरी काही घडल्यास प्रथम कोणाला कळवावे. लोक तो बराच वेळ विचार करून भरतात, नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात, आणि बहुतेक वेळा तिथे जावयाचे नाव लिहिले जाते.